छातीचा अर्थ : पुरुषभूमिका करणाऱ्या स्त्रिया आणि आपला नाट्येतिहास

मराठी रंगभूमीच्या इतिहासात ‘स्त्रीपार्टी’ हा शब्द इतका रुळलेला आहे की त्याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून पुढे जवळजवळ नव्वद वर्षे प्रतिष्ठित नाटक मंडळ्यांतून स्त्रीपात्रे पुरुषांनीच रंगवली. त्या परंपरेचा कळस म्हणजे बालगंधर्व. त्यांचे शालू, त्यांचे दागिने, त्यांची पदर सावरण्याची लकब, प्रेक्षागृहातील कुलीन स्त्रियांनी त्यांचे केलेले अनुकरण, हे सारे आपल्या सांस्कृतिक स्मृतीचा भाग झाले आहे. या परंपरेला एक दुसरी बाजू होती. पुरुषाची भूमिका करणारी स्त्रीही याच काळात, याच भाषेत, याच नाटकांतून उभी राहत होती. तिला मात्र आपल्या भाषेने नाव दिले नाही. ‘पुरुषपार्टी’ असे कुणी म्हटलेच तर ते पुरुषांची कामे करणाऱ्या पुरुषाला उद्देशून.

ही विषमता मराठीने निर्माण केलेली नाही. ती फार जुनी आहे. स्त्रीवेष धारण करणाऱ्या पुरुष नर्तकासाठी संस्कृतात ‘भ्रूकुंस’ असा खास शब्द आहे. पतंजलीच्या महाभाष्याला तो ठाऊक आहे आणि अमरकोशाने त्याची वेगवेगळी रूपे नोंदवली आहेत. पुरुषवेषातील स्त्रीसाठी असा शब्द कोशकाराला आवश्यक वाटला नाही. पण याच संस्कृत परंपरेतील नाट्यशास्त्र या बाबतीत अधिक उदार आहे. पात्र आणि नट यांच्या संबंधाचे भरताने तीन प्रकार सांगितले आहेत : अनुरूपा, विरूपा आणि रूपानुसारिणी. स्त्रीने स्त्रीची व पुरुषाने पुरुषाची भूमिका करणे ही अनुरूपा. वयाशी विसंगत भूमिका घेणे ही विरूपा. आणि एका लिंगाच्या नटाने दुसऱ्या लिंगाचे पात्र रंगवणे ही रूपानुसारिणी. स्त्रीनेही आपल्या इच्छेने पुरुषाची भूमिका करावी, याला शास्त्राची हरकत नव्हती. म्हणजे शास्त्रात दोन्ही दारे उघडी होती. कोशात मात्र एकाच दारावर पाटी लागली.

नाव नसलेल्या गोष्टीचा इतिहास लिहिणे अवघड असते, आणि जी गोष्ट शरीराच्या झाकलेल्या भागाशी निगडित आहे तिचा तर अधिकच. म्हणून या निबंधात मी एका अगदी ठोस, किंबहुना अवघडलेल्या प्रश्नापासून सुरुवात करू इच्छितो. स्त्री पुरुष होऊन रंगमंचावर येते तेव्हा ती आपल्या छातीचे काय करते?

प्रश्न देहाचा आहे, तसाच तो भाषेचाही आहे. मराठीत ‘छाती’ हा पुरुषार्थाचा अवयव आहे. निधड्या छातीचा वीर, छातीठोक उत्तर, छाती काढून चालणे, एखादे काम करायला छाती लागणे, ‘आहे का छाती?’ असे आव्हान देणे : या सर्व प्रयोगांत छाती म्हणजे धैर्य. स्त्रीच्या बाबतीत मात्र बोलणे ‘ऊर’, ‘पदर’, ‘चोळी’ या शब्दांकडे वळते. तिचा ऊर भरून येतो, तिचा पदर ढळतो, तिची चोळी तटतटते. पुरुषाची छाती दाखवायची, स्त्रीची झाकायची, हा सामाजिक नियम वाक्प्रचारांतच मुरलेला आहे. पुरुषभूमिका करणाऱ्या स्त्रीपुढे म्हणूनच एक विचित्र अट येते. जी छाती काढून चालायचे ती मिळवण्यासाठी तिला आधी स्वतःची छाती आवळून नाहीशी करावी लागते. स्त्रीपार्टी नटाला उणे होते ते भरून काढायचे असते. हिला अधिक असलेले दाबायचे असते. भरणे डोळ्यांना दिसते आणि त्याचे कौतुक होते. दाबणे यशस्वी झाले की दिसतच नाही.

स्त्रियांच्या नाटक मंडळ्या हा आपल्याकडे एखाददुसरा अपवाद नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अशा मंडळ्या महाराष्ट्रात आणि सीमाभागात निघत होत्या. पुणेकर, बेळगावकर, सातारकर अशी गावांची नावे लावणाऱ्या त्यांच्या पाट्या होत्या; ‘मनोहर स्त्री संगीत मंडळी’सारखे नावही आढळते. गोव्यात तर कलावंत समाजातील स्त्रियांनी देवळांच्या उत्सवांत नाटके करण्याचा प्रघात होता. या मंडळ्यांचा गाभा बहुधा गाणे-नाचणे हाच ज्यांचा परंपरागत व्यवसाय त्या स्त्रियांचा होता. पुरुषांच्या मंडळीत जसे सुभद्रेचे काम पुरुष करी, तसे स्त्रियांच्या मंडळीत अर्जुनाचे काम स्त्रीच करणार, हे उघड आहे. म्हणजे ‘सौभद्र’ हे एकच नाटक (किर्लोस्करांनी ते १८८२ मध्ये रंगभूमीवर आणले) महाराष्ट्रात एकाच काळात दोन परस्परविरुद्ध आरशांत पाहिले जात होते. एका आरशातील प्रतिमा आपण जपून ठेवली.

या दुसऱ्या आरशाचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१). ख्यालगायिका म्हणून त्यांचे नाव जयपूर-अत्रौली घराण्याशी कायमचे जोडले गेले आहे. पण त्यांची सुरुवात रंगमंचावर झाली. लहानपणी ‘चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी’त त्यांनी ध्रुव आणि प्रल्हाद रंगवले. पुढे त्या ‘सातारकर स्त्री संगीत मंडळी’त गेल्या आणि तेथे ‘सौभद्रा’तील सुभद्रा व ‘पुण्यप्रभावा’तील किंकिणी त्यांच्या वाट्याला आली. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. मुलीचे शरीर जोवर मुलासारखे आहे तोवर ध्रुव-प्रल्हाद तिचे. शरीर बदलले की सुभद्रा तिची. पण त्याच मंडळीत कुणीतरी मोठी स्त्री अर्जुन होतीच. सुभद्रा गाजली, की नाव गायिकेचे होते. तिच्यासमोर उभ्या राहिलेल्या अर्जुनाला आपण विचारलेले नाही.

दुसरे उदाहरण कमलाबाई गोखल्यांचे. दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) या चित्रपटात त्यांनी मोहिनी केली आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत यांनी पार्वती. चित्रपटाच्या इतिहासात दोघींचे स्थान त्यामुळे पक्के झाले. पण कमलाबाईंच्या आयुष्याचा मोठा भाग रंगभूमीवर गेला आणि तेथे त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या. तरुणपणीच वैधव्य आले, पदरी मुले होती, आणि नाटक हेच पोटाचे साधन होते. त्यांच्यावर रीना मोहन यांनी केलेल्या ‘कमलाबाई’ या माहितीपटात वृद्धपणीही त्यांच्यातील नटी किती जागी होती ते दिसते. पुढच्या पिढ्यांत चंद्रकांत गोखले आणि विक्रम गोखले यांनी हे घराणे नाट्य-चित्रपटसृष्टीत नेले. आडनाव टिकले, पण पडद्यावरची मोहिनी सर्वांना आठवते आणि रंगमंचावरचा पुरुष क्वचित कुणाला.

येथे वऱ्हाडाकडे वळणे भाग आहे, कारण नाट्यव्यवहाराच्या या साऱ्या गोष्टी पुण्या-मुंबईच्या म्हणून सांगण्याची आपल्याला सवय लागली आहे. १९०५ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष होते अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण खापर्डे. ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि ‘रणदुंदुभी’ लिहिणारे वीर वामनराव जोशी हेही अमरावतीचेच. भुसावळ–नागपूर लोहमार्ग झाल्यावर अकोला आणि बडनेऱ्याची वाट फिरत्या मंडळ्यांना सोपी झाली. कापसाच्या हंगामाचा पैसा त्यांना ओढून आणी. पण लोहमार्गापासून आत असलेल्या पातूरसारख्या गावाचे नाट्य वेगळे होते. अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव, कोरीव लेण्यांचे आणि रेणुकेच्या टेकडीचे. अशा गावांना मंडळीचे नाटक पाहायचे तर अकोला गाठावे लागे. गावातले स्वतःचे नाट्य म्हणजे दंडार, आणि तीत लुगडे नेसून नाचणारे पुरुष. म्हणजे येथेही स्त्रीवेषातील पुरुष चौकात, सर्वांसमोर.

पुरुषवेषातील स्त्री मात्र चौकात नव्हती. ती घरात होती. उत्तर भारतात वरात निघून गेल्यावर मागे राहिलेल्या बायका रात्री सोंगे काढतात. बिहारात त्याला डोमकच म्हणतात, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात खोडिया, राजस्थानात टूंटिया. त्यात एक बाई नवरा होते, धोतर नेसते, फेटा बांधते, मिशी रंगवते आणि पुरुषांची यथेच्छ नक्कल करते. मराठी घरांत मंगळागौरीच्या जागरणात निघणारी सोंगे याच जातीची. या खेळांना एकच कठोर नियम असतो : पाहायला पुरुष नको. दंडारीतील पुरुषाच्या लुगड्याला गाव हसते आणि त्यात कुणाला धोका वाटत नाही. बाईच्या धोतराला मात्र दार लावून घ्यावे लागते. स्त्री-नाटक मंडळ्यांनी नेमके हे दार उघडले. त्यांनी तिकीट लावून, दिव्यांच्या प्रकाशात, पुरुष प्रेक्षकांसमोर पुरुष उभा केला. या कृतीचे धाडस आपल्या नाट्यसमीक्षेने पुरेसे मोजलेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. संगीत नाटकातील नायकाचा पोशाख डोळ्यांसमोर आणला तर त्याने पुरुषभूमिका करणाऱ्या नटीचे निम्मे काम आधीच केलेले दिसते. अंगरख्याचा एक पदर दुसऱ्यावर येतो आणि बंदांनी बांधला जातो. त्यावर शेला किंवा उपरणे तिरके पडते. कमरेला कमरबंद असतो. ‘सौभद्रा’तील अर्जुन संन्यासी होतो तेव्हा सैल भगवी वस्त्रे येतात. हा पोशाख पुरुषाच्या देहाची रेषा दाखवण्यासाठी शिवलेलाच नव्हता. धड झाकून पद, पगडी आणि चाल यांतून तो पुरुष सिद्ध करी. शिवलेल्या कोटाने आणि सदऱ्याने हे बदलले. सामाजिक नाटकातील बॅरिस्टर किंवा डॉक्टर उभा करायचा तर कापडाखालचे शरीरही जुळवावे लागणार. वेष जितका आधुनिक, तितके देहावरचे बंधन अधिक.

ते बंधन घालण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे लांब सुती पट्टा. जपानमध्ये अशा पट्ट्याला ‘साराशी’ म्हणतात. छाती सपाट करण्यासाठी तो काखेखालून बरगड्यांभोवती फिरवला जातो. आणि येथेच संगीत नाटकाच्या नटीची खरी कोंडी आहे. गाताना श्वास भरला जातो तेव्हा खालच्या बरगड्या बाजूला उघडतात आणि पडदा खाली जातो. छाती आवळली की हा फुगारा मिळत नाही. श्वास वर, गळ्याकडे सरकतो. लांब तान मध्येच तुटते आणि खर्ज पोकळ होतो. पुरुषाचे पद पुरुषी भारदस्तपणाने म्हणायचे तर खालच्या स्वरांना बळ हवे, आणि तेच बळ देणारा श्वास पुरुष दिसण्यासाठी बांधून टाकावा लागतो. दिसणे आणि गाणे यांतले एक निवडायचे असेल तर मराठी प्रेक्षकाने नेहमी गाण्याच्या बाजूने कौल दिला आहे. बालगंधर्व उतारवयात देहाने स्थूल झाले तरी प्रेक्षकांनी त्यांची भामिनी आणि सिंधू कानांनी पाहिली. हीच सवलत पुरुषभूमिका करणाऱ्या स्त्रीलाही मिळू शकली असती. पण तिच्या बाबतीत पाहणाऱ्याची नजर कानापर्यंत पोचण्याआधीच देहावर अडकत असे. ती पुरुष म्हणून किती पटते यापेक्षा ती कोण आहे, कुठल्या घरातली आहे, हा प्रश्न आधी विचारला जाई.

या परंपरेचा विसर का पडला याचे उत्तर याच प्रश्नात आहे. स्त्रीपार्टी नट आणि पुरुषभूमिका करणारी नटी यांच्यातील फरक मुख्यतः जातीचा आणि प्रतिष्ठेचा होता. कलेच्या दर्जाने तो उलगडत नाही. कुलीन घरातील तरुणाने साडी नेसली तर ते स्त्रीला रंगभूमीच्या ‘बदनामी’पासून वाचवणे मानले गेले. कलावंतिणीच्या मुलीने अंगरखा घातला तर ते तिच्या मूळ धंद्याचेच दुसरे रूप समजले गेले. मीरा कोसंबी यांनी २०१५ मधील ‘जेंडर, कल्चर अँड परफॉर्मन्स’ या ग्रंथात स्वातंत्र्यपूर्व मराठी रंगभूमी आणि चित्रपट यांतील लिंगभावाचा जो इतिहास उलगडला आहे, तो वाचताना हे वारंवार जाणवते. पुढे १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढली. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ केले आणि त्यात ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या. स्त्रीची भूमिका स्त्रीने करावी हा विचार जिंकला. तो योग्यच होता. पण त्याबरोबर भरताची ‘अनुरूपा’ हीच एक सभ्य पद्धत ठरली आणि ‘रूपानुसारिणी’ मागासलेली. स्त्रीपार्टी नट निवृत्त झाला तो आख्यायिका होऊन. पुरुषभूमिका करणारी नटी निवृत्त झाली तेव्हा सुधारणेच्या आनंदात कुणाच्या लक्षातही आले नाही.

इतरत्र असे झालेच पाहिजे असे नव्हते. जपानमध्ये १९१३ मध्ये स्थापन झालेली ताकाराझुका ही केवळ स्त्रियांची नाट्यसंस्था आजही चालू आहे आणि तेथे पुरुषभूमिका करणाऱ्या ‘ओतोकोयाकु’ नटी हेच खरे आकर्षण असते. त्यांचे तंत्र शिकण्यासारखे आहे. छाती दाबण्याबरोबर त्या कमरेभोवती भर घालतात, म्हणजे छाती आणि कंबर यांतील खोलगट रेषा भरून निघते आणि धड सरळ दिसते. पुरुषी आकार नुसत्या आवळण्याने येत नाही, हे त्यांनी अनुभवाने जाणले. आपल्या शेजारी कर्नाटकात आर. नागरत्नम्मा यांनी १९५८ मध्ये स्त्री नाटक मंडळी काढली आणि कंस, रावण, दुर्योधन अशा भूमिका गाजवल्या. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मराठीत स्त्रीने केलेल्या पुरुषभूमिकेला असा सन्मान मिळाल्याचे उदाहरण शोधावे लागते. सारा बर्नहार्टने १८९९ मध्ये हॅम्लेट केला तो जागतिक नाट्येतिहासात नोंदला गेला, कारण ती आधीच सारा बर्नहार्ट होती. आपल्या अर्जुनांकडे आधीची प्रतिष्ठा नव्हती आणि अर्जुन झाल्याने ती त्यांना मिळालीही नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हीच कला पाश्चात्त्य शहरांत ‘ड्रॅग किंग’ या नावाने पुन्हा पुढे आली. डायान टॉर (१९४८–२०१७) या स्कॉटिश कलावतीने न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांसाठी ‘मॅन फॉर अ डे’ या कार्यशाळा घेतल्या. स्त्रिया तेथे छाती बांधत, मिशी लावत आणि पुरुषासारखे बसणे, चालणे, जागा अडवणे शिकत. टॉर यांचा भर वेषापेक्षा वर्तनावर होता : पुरुषपणा हा देहाचा गुण कमी आणि अंगवळणी पडलेला अधिकार अधिक, हे त्यांना दाखवायचे होते. मंगळागौरीच्या सोंगात आपल्या आज्यांनी हेच केले होते, सिद्धांत न मांडता. भारतात गेल्या काही वर्षांत मुंबईच्या शिल्पकार दुर्गा गावडे यांनी ‘शक्ती’ या नावाने ड्रॅग किंग म्हणून प्रयोग केले. आडनाव मराठी आहे. परंपरा मात्र परकी समजली जाते. आपला इतिहास आपण लिहिला नाही की असे होते.

इतिहास न लिहिल्याची किंमत ज्ञानापुरती राहत नाही, ती शरीरालाही मोजावी लागते. ज्या कलेला गुरुपरंपरा असते तिच्यात शरीर कसे जपावे याचेही शिक्षण पिढीकडून पिढीकडे जाते. ती तुटली की प्रत्येकीला नव्याने, एकटीने आणि लपून शिकावे लागते. आज महाविद्यालयीन एकांकिकेत पुरुषपात्र करणारी तालुक्याच्या गावची मुलगी काय करते? ती औषधांच्या दुकानातून मुरगळलेल्या पायाला बांधायचे क्रेप बँडेज आणते आणि छातीभोवती आवळते. हेच सर्वांत धोक्याचे आहे. क्रेप लवचीक असते. हालचालीबरोबर ते सैल न होता अधिकाधिक आवळत जाते आणि श्वास सोडल्यावर बरगड्यांना परत फुलू देत नाही. चिकटपट्टी त्याहून वाईट, कारण ती कातडीही सोलते. छाती बांधणाऱ्या १८०० जणांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली; तीत ९७ टक्क्यांहून अधिक लोकांनी पाठदुखी, श्वास लागणे, त्वचेचे विकार अशा त्रासांपैकी निदान एक तरी नोंदवला होता. ही पाहणी मुख्यतः रोज बांधणाऱ्या पारलिंगी व्यक्तींची होती. त्यांच्यासाठी बांधणे हा वेष नसून जगण्याचा भाग असतो, आणि नटीची गोष्ट त्यांच्या गोष्टीत मिसळून टाकणे दोघांवरही अन्याय करणारे आहे. नटीला तासा-दोन तासांनी ते सोडता येते. तरीही नियम सारखेच : मापाचे, यासाठीच शिवलेले वस्त्र वापरावे, आठ तासांच्या वर ठेवू नये, ते घालून झोपू नये, दुखले किंवा श्वास अडला की ताबडतोब काढावे. आणि गायचे असेल तर आधी श्वासाचा विचार करावा, मग आरशाचा. त्यासाठी अंगरखा आणि शेला आजही उपलब्ध आहेत.

साहित्याच्या आणि नाट्यशास्त्राच्या वर्गात आपण ‘सौभद्र’ शिकवतो, बालगंधर्वांवर टिपा लिहून घेतो, स्त्रीपार्टीच्या परंपरेवर दीर्घोत्तरी प्रश्न विचारतो. त्याच प्रश्नपत्रिकेत सातारकर, बेळगावकर किंवा मनोहर मंडळीतील पुरुषभूमिकांवर एक प्रश्न असायला हरकत नाही. कोणत्या स्त्रीने कोणता पुरुष रंगवला, त्यासाठी काय नेसले, काय बांधले, कसे गायले आणि प्रेक्षकांनी तिला काय म्हटले, हे जुन्या जाहिरातींतून, नियतकालिकांतील परीक्षणांतून आणि कलावंत घराण्यांच्या आठवणींतून गोळा करण्याचे काम विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे. पुणे-मुंबईच्या कपाटांबरोबरच अकोला-अमरावतीची जुनी ग्रंथालयेही त्यासाठी धुंडाळावी लागतील. शब्दही तेव्हाच सापडेल. तो सापडेपर्यंत ‘पुरुषपार्टी’ हा शब्द त्या स्त्रियांसाठी वापरायला आपण निदान सुरुवात करू शकतो.